काचेच्या बशीतलं दगडफूल

"त्रिशला, एकच विचारतो. दगडफुलानं कॅन्सर मरतो, हे खरं हाय न्हवं?"

माझं सामायिक चालू होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा जैनांच्या सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटं माणसाने जगाशी बोलायचं नसतं. जगाने माणसाशी बोलायला मात्र हरकत नसते. आणि जग नेमकं तेव्हाच बोलतं. दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या खोतबाई, सगळ्यांना माझी आठवण सकाळी सहा ते पावणेसातच्या दरम्यान येते. त्या गुरुवारी दादा आले होते. दादा म्हणजे माझे थोरले दीर, भूपाल मगदूम. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं वजन आपल्याला नुसत्या नजरेने कळतं अशी त्यांची खात्री होती. वीस किलोमीटरवरच्या गावाहून पहिली एसटी धरून ते सांगलीला आले होते आणि माझ्या देवाच्या खोलीच्या दारात वर्तमानपत्र उघडून उभे होते.

"तुझ्या सायबांचं नाव छापलंय. तुमच्या संस्थेचं छापलंय. मी म्हटलं, पेपरवाल्यांचं काय खरं. आपल्या घरचंच माणूस आत हाय, तिलाच विचारावं."

सामायिकात चारी दिशांना वळायचं असतं. प्रत्येक दिशेला जोडलेले हात तीनदा गोल फिरवायचे आणि एकदा मस्तक नमवायचं. तीन दिशा झाल्या होत्या. चौथी दाराची होती. मी वळले, हात फिरवले, मस्तक नमवलं. समोर दादा होते.

"झालं," दादा म्हणाले. "एवढंच पायजे होतं."

पेपरची घडी काखेत गेली. मी सामायिक पुरं केलं, पोह्यांना फोडणी दिली आणि दिवस सुरू झाला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

दादा काही हौस म्हणून कॅन्सरची चौकशी करत फिरत नव्हते. माझ्या थोरल्या जाऊबाई राजमती, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, त्यांच्या छातीत लिंबाएवढी गाठ निघाली होती. मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर आकडे काढून समजावलं होतं: दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो, मग ऑपरेशन, आणि मध्ये खंड अजिबात नको. तीन झाल्या होत्या. केस गेले, चव गेली, पण लिंबाची सुपारी झाली होती. केमोच्या आदल्या दिवशी दोघं आमच्याकडे उतरायची, दोन दिवस राहायची आणि परत जायची. चौथी केमो त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी होती.

अक्कांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या नियमांची यादी द्यावी लागेल, आणि ती इथे मावणार नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून. पर्युषणात दहा दिवस एकवेळ जेवण. मीही नियम पाळते, पण माझे नियम नोकरीच्या वेळा सांभाळून असतात. अक्कांनी जगाच्या वेळा नियमांना सांभाळून घ्यायला लावल्या होत्या. त्यांचा एकच अभिमान होता: मसाला. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात आमटीला चव आणायची म्हणजे सगळा भार दगडफुलावर. दर उन्हाळ्यात त्या स्वतः निवडून, भाजून, कुटून मसाला करायच्या आणि एक डबा मला पाठवायच्या. अख्ख्या भावकीत त्या मसाल्याचं नाव होतं.

मी कामाला होते त्या संस्थेचं नाव सांगत नाही. तिनेही माझं नाव कुठल्याच शोधनिबंधात सांगितलेलं नाही. तिथे आम्ही दगडफुलावर काम करायचो. कातळावर आणि झाडांच्या सालीवर राखाडी पापुद्र्यासारखं ते वाढतं. घाटातून त्याची पोती यायची. मी ती ब्रशने साफ करून, कोणत्या झाडावर सापडलं ते लिहून कागदी पाकिटांत भरायची. मग वाटून, द्रावणात भिजवून अर्क काढायची. पुढे तो अर्क आतल्या खोलीत जाई आणि तिथे वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घातला जाई. त्या खोलीत मी जात नसे. पेशी झाल्या तरी जीवच. आमचे कारखानीस सर म्हणायचे, "मगदूमबाईंना कर्करोगाचीसुद्धा दया येते." मी म्हणायची, "दया नाही सर, नियम आहे." त्यावर सर हसायचे आणि अर्क लवकर द्यायला सांगायचे.

माझं मराठी बरं म्हणून वर्तमानपत्रांसाठीचं टिपण माझ्याकडे आलं होतं.

"'इन व्हिट्रो'ला काय लिहिणार?" सरांनी विचारलं.

"काचेत."

"काचेत म्हटलं तर लोकांना खिडकी वाटेल, बाई. नीट फोड करून लिहा."

मी नीट फोड करून लिहिलं: काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर दगडफुलाचा अर्क घातला असता निम्म्याहून अधिक पेशी मेल्या. पुढच्या वाक्यात लिहिलं, की निरोगी पेशींवर आणि माणसाच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो हे अजून पाहिलेलं नाही.

वर्तमानपत्राला दोन वाक्यांची जागा नव्हती. त्यांनी पहिलं ठेवलं, तेही कात्री लावून: "दगडफुलाचा अर्क काचेच्या बशीत घातला असता कर्करोगाच्या पेशी मेल्या." वर मथळा: "मसाल्याच्या डब्यात कर्करोगाचा काळ." शेजारी सरांचा फोटो.

त्या गुरुवारी संस्थेत पेढे होते. मी बातमी दोनदा वाचली आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, दुसरं वाक्य गाळलंय."

"अहो, लोकांना पहिलं कळलं तरी पुष्कळ."

"पहिलंही बदललंय. कुणी खरंच हे घ्यायला लागलं तर? काही जातींच्या अर्काने यकृत बिघडतं, ते आपल्याच वाचनात आलंय."

"मसाल्यातून शेकडो वर्षं खातायत लोक. चिमूटभर."

"चिमूटभर खातात म्हणूनच चालतं. आणि सर, फिनेल ओतलं असतं तरी त्या पेशी मेल्या असत्या."

"बाई," सर हळुवारपणे म्हणाले, "प्रस्ताव मंत्रालयात आहे. या आठवड्यात दुरुस्ती छापून आणली तर ती आपल्याला महाग पडेल. पेढा घ्या."

बाहेरचा पेढा मी घेत नाही. तेवढा एक विरोध मी नोंदवला.

रविवारी अक्का आणि दादा येतील म्हणून मी मऊ भात टाकला. ते आले नाहीत. फोन केला तर दादांनी उचलला.

"हिला जरा कणकण हाय. मॅडमशी बोललोय मी. थोडं पुढं ढकललंय."

"किती पुढं?"

"थोडं."

मी फोन ठेवला. असत्य न बोलण्याचा माझा नियम आहे. दुसऱ्याचं असत्य ओळखण्याचा नाही. मी अक्कांसाठी माळ जपली. एक नाही, रोज तीन. जपाला मी कधी मागे हटत नाही.

तीन आठवड्यांनी मिरजेहून नर्सबाईंचा फोन आला. दवाखान्याच्या कागदावर आमचा नंबर होता. पेशंटने चौथी केमो घेतलीच नाही, घरून कुणी काही कळवलेलं नाही, आता पाचवीची तारीख आली, मॅडम रागावल्या आहेत. मी त्याच दुपारी रजा टाकली आणि गावाची एसटी धरली.

दादा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. पुढ्यात दुहेरी फडकं लावलेलं पातेलं, त्यात काळपट तपकिरी काढा, आणि ते तो पळीने गाळत होते. घराण्याची रीत. विष प्यायचं झालं तरी आम्ही ते गाळून पितो. फळीवर काचेच्या सहा बशा ओळीने उपड्या घातल्या होत्या. नव्या कोऱ्या.

"ये, ये. बघ तुझं औषध."

"माझं?"

"तुझंच की. तुझ्या संस्थेचं." त्यांनी एक बशी घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पळीभर काढा मोजून तीत ओतला. "दिसातनं चार येळा. एका टायमाला सात बशा भरून."

"दादा, बशीतनं का?"

त्यांनी माझ्याकडे, एवढं शिकून असं कसं विचारतेस, अशा नजरेने पाहिलं. मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कात्रण काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "काचेच्या बशीत घातला असता. सरळ लिहिलंय. आधी मी बी चुकलो. तीन दिवस आपल्या नेहमीच्या चिनी मातीच्या बशीतनं दिलं. मग परत वाचलं तवा ध्यानात आलं. ते तीन दिवस वाया गेले. मग कोल्हापूरला जाऊन ह्या आणल्या. सांगलीत मिळतच न्हाईत, सगळीकडं प्लास्टिक."

ती बशी मीच घातली होती त्या वाक्यात. लोकांना खिडकी वाटू नये म्हणून.

आतून अक्कांचा आवाज आला. "कोण आलंय?"

"मी, अक्का."

त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. मी जवळ गेले आणि खिडकीतल्या उजेडात त्यांचे डोळे पाहिले. हळदीत बोट बुडवून कडेने फिरवावं तसे पिवळे.

"डोळे कधीपासून असे?"

"झाले आठ दीस. अन्नावर वासना न्हाई. खाज सुटती अंगाला."

"ईष बाहेर पडतंय," दादा बशी सांभाळत मागून आले. "पडणारच."

"आणि गाठ?"

अक्कांनी दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुपारीचं परत लिंबू व्हायला लागलंय बाई."

"दिवा इझायच्या आधी मोठा होतो का न्हाई? तसं हाय ते," दादा म्हणाले.

मी खाली बसले. मला मोठ्याने बोलता येत नाही. माहेरी, सासरी, शाळेत, कुठेच कधी आलं नाही. पण त्या दिवशी सगळं सांगितलं. दगडफुलाने पेशी मेल्या त्या खोलीतल्या ताटलीत, माणसात नाही. चांगल्या पेशीही मरत असतील, ते कुणी पाहिलेलं नाही. डोळे पिवळे म्हणजे यकृत. काढा आत्ता थांबवा, उद्याच मिरजेला चला.

दादांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. वजनकाट्यावर ट्रॅक्टर उभा असताना ऐकायचे तसं. मग म्हणाले, "आणि मग मला हो कशाला म्हणालीस?"

"मी कधी म्हणाले?"

"त्या दिवशी. मी विचारलं, हे खरं हाय न्हवं. तू मान हलवलीस. चांगली खालपर्यंत."

"मी नमस्कार करत होते दादा."

"मला?"

"दिशेला."

दादांनी बशी दुसऱ्या हातात घेतली. अक्का भिंतीकडे पाहत होत्या, पण ऐकत होत्या.

"बरं," दादा म्हणाले. "मान्य. तू दिशेला नमस्कार केलास. मग पोहे वाढताना का न्हाई सांगितलंस? अर्धा तास बसलो होतो तुझ्यासमोर. दोनदा च्या घेतला. आता शंका न्हाई, आता मिरज बंद, असं मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तू तिथंच हुतीस. लिंबू कापत."

हे खरं होतं. पोहे त्यांच्यासाठीच केले होते. मिरज बंद हे शब्दही मी ऐकले होते.

का नाही सांगितलं? लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्या एकोणीस वर्षांत या घराने मला मीठ कुठे आहे, एसटी किती वाजता आहे आणि पाहुणे किती आहेत याखेरीज काही विचारलं नव्हतं. माझी बीएस्सीची पदवी कुठल्या पेटीत आहे हे मलाच शोधावं लागलं असतं. आणि त्या सकाळी दादांसारखा माणूस वीस किलोमीटरवरून, पहिल्या गाडीने, मला विचारायला आला होता. पोहे खाताना ते माझ्या नवऱ्याला म्हणत होते, "आपल्या घरात शास्त्रज्ञ हाय, आणि आपण जगाला विचारत फिरतोय." मी लिंबू कापत होते. ते ऐकायला फार गोड लागत होतं. मी मनाशी म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, रविवारी येतीलच, तेव्हा सांगू. असत्य मी बोलले नाही. मी काहीच बोलले नाही. नियमात बसवून केलेलं पाप हे असं असतं. त्याला नियमांच्या वहीत रकाना नसतो.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. सगळं नाही. पण "मला बरं वाटलं होतं, म्हणून गप्प राहिले," एवढं सांगितलं.

दादांना ते पटलं नाही. माणूस असल्या कारणाने गप्प राहतो हे त्यांच्या काट्यावर बसेना. "न्हाई, न्हाई. तू आता भिऊन फिरवतीस. सायबांनी दम दिला असंल. औषधवाल्या कंपन्या असं दाबतात, मी वाचलंय. राजमती, घे तू."

अक्कांनी बशी घेतली. दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेली. पिवळे डोळे मिटले.

माझ्याकडे आता शास्त्रातलं काही उरलं नव्हतं. यकृत सांगून झालं, पेशी सांगून झाल्या, डॉक्टर मॅडम सांगून झाल्या. राहिली होती एक गोष्ट, आणि ती मी सहा वर्षं दाबून ठेवली होती.

"अक्का," मी म्हणाले, "त्यात शेवाळ आहे."

त्यांनी डोळे उघडले. "कशात?"

"दगडफुलात. दगडफूल म्हणजे फूल नाही. रोपही नाही. अर्धी बुरशी आणि अर्धं शेवाळ. दोन्ही एकमेकांना धरून एकत्र वाढतात. अनंतकाय."

आमच्यात हा शब्द लहान पोरालाही कळतो. एका कणात अनंत जीव. कंदमुळांना नाही म्हणतो ते याचसाठी, आणि शेवाळ-बुरशी तर कंदमुळांच्याही वर.

अक्कांनी बशी खाली ठेवली. फार हळू, सांडू न देता, हात शक्य तितका लांब करून.

"औषधाला चालतंय की," दादा म्हणाले. "जिवावर बेतल्यावर शास्त्रातसुद्धा..."

"तुम्ही जरा गप बसा," अक्का म्हणाल्या.

माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं होतं. दादांच्याही असावं, कारण ते खरोखरच गप्प बसले.

"कधीपास्नं ठावं हाय तुला?"

"संस्थेत लागले तेव्हापासून."

"म्हंजे किती?"

"सहा वर्षं."

"सहा उन्हाळे मी तुला मसाला धाडतीया." त्यांचा आवाज चढला नाही, उलट माझ्यासारखा खाली आला. "काय करतीस त्याचं?"

"शेजारच्या खोतबाईंना देते. त्या आपल्यातल्या नाहीत."

"काय म्हणतात त्या?"

"फार चांगला असतो म्हणतात."

"असणारच," अक्का म्हणाल्या. "म्हणून तू इथं आल्यावर ताकभात मागतीस. मला वाटायचं, शहरात राहून हिला माझी आमटी गावंढळ लागती. आणि तू माझ्या पंगतीला बसून बघत हुतीस. मी पर्युषणात एकवेळ जेवायची, आणि त्या एका वेळंला काय खायची, तर हे."

"मला तुमचं मन मोडवेना, अक्का."

"मन मोडंना म्हणून नरकात धाडलंस व्हय गं."

मी खाली मान घातली. त्या वेळी ती कुठल्याही दिशेला नव्हती.

दादांनी बशी उचलली, कुठे ठेवावी कळेना म्हणून परत तिथेच ठेवली. मला एक नवीनच भीती वाटू लागली. अक्कांनी काढा सोडला, हे खरं. पण मिरजेला चलते असं त्या म्हणाल्या नव्हत्या. इतकी वर्षं चुकून अनंतकाय पोटात गेल्यावर आता आपण हे शरीरच सोडावं, असं जर त्यांच्या मनाने घेतलं, तर त्यांना अडवणारा माणूस आमच्या सगळ्या भावकीत नव्हता.

"ती सलाइन," अक्का एकदम म्हणाल्या. "मिरजेची. ती कशाची असती?"

मी वर पाहिलं.

"आता पुढची जी द्यायची आहे ना, त्यातलं औषध एका झाडाच्या सालीत सापडलेलं आहे."

"मुळात न्हाई?"

"नाही. साल."

"भुईच्या वरची?"

"वरची. थंड डोंगरात उंच वाढतं ते झाड."

"एका झाडाचा एकच जीव?"

"एकच. बाकीचं कारखान्यात करतात."

अक्कांनी मनात काहीतरी जुळवलं. डॉक्टर मॅडमच्या भिंतीवर तीन पदव्या टांगलेल्या आहेत. त्यांनी कागदावर आकडे काढून जे दोन तास समजावलं, त्यातलं काही या घरात टिकलं नव्हतं.

"चालंल," अक्का म्हणाल्या. "गाडी किती वाजता हाय?"

मिरजेला मॅडमनी आधी दादांना झाडलं आणि मग मला, कारण मी म्हणे शिकलेली दिसत होते. यकृत ताळ्यावर यायला आणखी तीन आठवडे गेले. तोवर केमो देता येईना आणि गाठ काही कुणासाठी थांबली नाही. पुढे सगळ्या केमो झाल्या, ऑपरेशन झालं. पण जिथे थोडक्यात भागलं असतं तिथे सगळं काढावं लागलं. हे त्या खंडामुळे झालं, आणि त्या खंडातला माझा वाटा किती, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

दादांनी गावात आणखी तिघांना काढा सांगितला होता. ते घरोघरी जाऊन सांगून आले, की हे औषध आपल्यात बसत नाही. तिघांपैकी दोघं जैन नव्हते, पण दादांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की त्यांनीही सोडलं. दुरुस्ती मी सरांना न विचारता माझ्या सहीने पाठवली. एकोणीस दिवसांनी ती सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, चार ओळींत आली. त्यानंतर सरांनी टिपणं लिहायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मंत्रालयातल्या प्रस्तावाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं त्याच्यासमोर हात जोडायचे, उत्तम क्षमा म्हणायचं, आणि समोरच्याने क्षमा करायची. समोरचा करतोच. न करण्याची पद्धतच नाही.

त्या वर्षी मी गावी गेले. अक्कांचे केस बोटभर उगवले होते, मऊ आणि पांढरे. मी हात जोडून म्हणाले, "अक्का, उत्तम क्षमा."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "औंदा न्हाई," त्या म्हणाल्या. "म्होरल्या वर्षी बघू."

मी म्हणाले, "बरं."

तेव्हापासून दर भाद्रपदात मी जाते. पाचव्या वर्षी मॅडमनी आता वर्षातून एकदाच या म्हणून सांगितलं, तेव्हाही मी गेले होते. हात जोडते, म्हणते. अक्का कधी धान्य पाखडत असतात, कधी सुनेवर करवादत असतात. थांबतात, विचार करतात आणि म्हणतात, औंदा न्हाई, म्होरल्या वर्षी बघू. गावातल्या बायकांना वाटतं, म्हातारीचं मन फार कठीण आहे. मला त्यात फक्त म्होरलं वर्ष ऐकू येतं.

गेल्या वर्षी मात्र त्या जरा जास्तच थांबल्या. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत काहीतरी मऊ आलं होतं. आता क्षमा करतात की काय, आणि पुढच्या वर्षाचं काही उरत नाही की काय, अशी मला भीती वाटली.

"म्होरल्या वर्षी बघू," अक्का म्हणाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.